जेम्स बाँड भारतात मोकळा, फास्टर फेणे अजून नाही: पुस्तकांच्या कॉपीराइटचा हिशेब

जानेवारी उजाडला की पुस्तकवेड्यांच्या गप्पांत एक यादी हमखास येते: यंदा कुठकुठली पुस्तकं कॉपीराइटमधून मोकळी झाली. २०२६च्या यादीत अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलची पहिली कादंबरी होती, डॅशिएल हॅमेटची 'द माल्टीज फाल्कन' होती आणि नॅन्सी ड्रूची पहिली चार पुस्तकं होती. यादी वाचून कोणीतरी लगेच विचारतं, "म्हणजे आता मिस मार्पल मराठीत आणायला कोणाची परवानगी नको?" त्यावर दुसरं कोणी म्हणतं, "मग आपले रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर तर केवढे जुने! त्यांचा झुंजारही मोकळाच असणार."

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. ती यादी अमेरिकेची. भारतात मिस मार्पलला २०३७ उजाडावं लागेल आणि झुंजारला २०५७. उलट 'माल्टीज फाल्कन' आपल्याकडे २०२२ पासूनच मोकळी आहे. आणि त्या यादीत ज्याचं नावही नाही तो जेम्स बाँड १ जानेवारी २०२५ला भारतात मोकळा झाला. एवढी मोठी गोष्ट, पण मराठीत तिची चर्चा मला तरी दिसली नाही.

हा गोंधळ का होतो आणि खरा हिशेब कसा मांडायचा, ते पाहू.

कॉपीराइट म्हणजे नेमकं काय?

मराठीत याला प्रताधिकार असाही शब्द आहे. मी बोलीतला 'कॉपीराइट'च वापरतो. लेखकाने काहीतरी स्वतःचं लिहिलं की त्या लिखाणावर त्याचा हक्क आपोआप तयार होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही आणि गोलातला इंग्रजी 'सी' छापावा लागत नाही.

हा एकच हक्क नसून हक्कांची जुडी असते. शेतजमिनीचं उदाहरण घ्या. जमीन एकाच्या नावावर, पण ज्वारी काढतो दुसराच, बांधावरचे आंबे तिसऱ्याला खंडाने दिलेले आणि विहिरीच्या पाण्यात चौथ्याचा वाटा. पुस्तकाचंही तसंच असतं. छापायचा हक्क एका प्रकाशकाकडे, हिंदी अनुवादाचा दुसऱ्याकडे, चित्रपटाचा तिसऱ्या निर्मात्याकडे आणि वाचून ध्वनिमुद्रित करण्याचा आणखी कोणाकडे. म्हणून 'या पुस्तकाचे हक्क कोणाकडे आहेत?' या प्रश्नाला उत्तर देण्याआधी उलट विचारावं लागतं: कुठले हक्क?

जमीन आणि पुस्तक यांत एक मोठा फरक मात्र आहे. जमीन पिढ्यान्‌पिढ्या घरात राहते, पुस्तकाचा हक्क ठरावीक मुदतीनंतर संपतो. मग ते पुस्तक कोणीही छापावं, अनुवादित करावं, त्यावर नाटक लिहावं. लेखात पुढे 'मोकळं' म्हटलं आहे ते या अर्थाने.

साठ वर्षं, पण कधीपासून?

भारतात कॉपीराइट लेखकाच्या हयातीत असतोच. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या १ जानेवारीपासून मोजायला सुरुवात होते आणि तिथून साठ वर्षं भरावी लागतात. पुस्तक कधी निघालं याला सहसा महत्त्व नाही, लेखक कधी गेला याला आहे.

साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ला मोकळी झाली. त्यांच्या एकेका पुस्तकाच्या इतक्या प्रकाशनांच्या आवृत्त्या दुकानात शेजारीशेजारी दिसतात, त्याचं कारण हे. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले. चिमणराव आणि गुंड्याभाऊ २०२४च्या पहिल्या तारखेपासून सगळ्यांचे. सावरकरांचं साहित्य १ जानेवारी २०२७ला मोकळं होईल. अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी २०३०पर्यंत थांबायचं.

१९५७चा कायदा आला तेव्हा मुदत पन्नास वर्षांची होती. ती साठ झाली रवींद्रनाथ टागोरांमुळे. ते १९४१ साली गेले, म्हणजे त्यांचे हक्क १९९१च्या अखेरीस संपणार होते आणि ते होते विश्वभारतीकडे. ऐन वेळी सरकारने मुदत दहा वर्षांनी वाढवली, १९९२ साली तसा कायदाही केला. पण कायदा एकट्या टागोरांसाठी करता येत नाही. तेव्हा ज्यांची ज्यांची मुदत चालू होती त्या सगळ्यांना ती दहा वर्षं मिळाली. एच. जी. वेल्सला मिळाली आणि साने गुरुजींनाही मिळाली. एका संस्थेच्या सोयीसाठी देशभरच्या वाचकांना दहा वर्षं थांबवणं मला तेव्हाच्या सरकारचा आळस वाटतो; विश्वभारतीला अनुदान वाढवून देणं सोपं होतं.

लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाला वेगळा नियम आहे. तिथे साठ वर्षं प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपात आली. म्हणून ती एक वर्ष उशिरा, २०१३च्या सुरुवातीला मोकळी झाली. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर शेवटचा जो जाईल त्याच्या मृत्यूपासून मोजायचं. आणि टोपणनाव? नावामागचा माणूस कोण हे जाहीर असेल तर नेहमीचाच नियम. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, हे काही गुपित नव्हतं. ते १९९६ साली गेले, म्हणून २०५७.

अमेरिकेची यादी आपल्याला का लागू नाही?

कारण प्रत्येक देश आपल्या हद्दीत आपलाच कायदा लावतो. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षांपर्यंत असते, लेखक कधी गेला याच्याशी तिला देणंघेणं नाही. १९३० साली निघालेली पुस्तकं तिथे २०२६च्या सुरुवातीला मोकळी झाली, ती अशी. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं.

आता बाँड घ्या. इयान फ्लेमिंग ऑगस्ट १९६४मध्ये गेला. भारतात साठ वर्षं २०२४च्या अखेरीस भरली. ब्रिटनमध्ये २०३५ उजाडावं लागेल. अमेरिकेत १९५३ची पहिली कादंबरीसुद्धा २०४९पर्यंत अडकलेली. 'द मॅन विथ द गोल्डन गन' फ्लेमिंगच्या मृत्यूनंतर १९६५ साली आली, त्यामुळे ती भारतातही वर्षभर मागे राहिली. 'थंडरबॉल'चं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. तिचं कथानक फ्लेमिंगने इतरांबरोबर केलेल्या पटकथेतून आलं होतं आणि त्यावरून १९६३ साली लंडनच्या न्यायालयात खटलाही उभा राहिला. त्या एका पुस्तकाला हात लावण्याआधी वकील गाठलेला बरा.

व्यवहारात याचा अर्थ असा. पुण्यातल्या प्रकाशकाने बाँडचा नवा मराठी अनुवाद छापून नाशिक, बेळगाव, पणजी, इंदूर इथे विकला तर चालेल. तोच अनुवाद लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी वाचकाला विकायला गेला तर तिथला कायदा आडवा येईल. ई-बुक काढताना विक्रीचे देश निवडायचा पर्याय असतो, तो 'सर्व जग' असा ठेवून देणं महागात पडू शकतं. शिवाय चित्रपटांतलं संगीत, पोस्टर, पडद्यावरच्या बाँडचं रूप हे सगळं फ्लेमिंगच्या पुस्तकांतलं नाही. ते वेगळ्यांच्या मालकीचं आहे आणि ट्रेडमार्कची भानगड त्याहून वेगळी. मोकळं झालं आहे ते पुस्तकांतलं.

मूळ मोकळं, अनुवाद बंद

इथे भलेभले वाचकही घसरतात. ज्यूल व्हर्न १९०५ साली गेला. त्याचं सगळं कधीच मोकळं झालं. मग भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न स्कॅन करून कोणीही छापावा का? नाही. अनुवाद हे अनुवादकाचं स्वतंत्र लिखाण आहे, त्याची साठ वर्षं वेगळी मोजायची. भागवत २००१ साली गेले, तेव्हा त्यांचे शब्द २०६१च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचे. तुम्हाला व्हर्न मराठीत आणायचाच असेल तर मूळ पुस्तक घेऊन बसा आणि स्वतः अनुवाद करा. त्याला आडकाठी नाही. फक्त व्हर्नच्या फ्रेंचवरून करणार की कोणाच्या ताज्या इंग्रजी अनुवादावरून, हे पाहा, कारण त्या इंग्रजी अनुवादालाही स्वतःची मुदत असते.

मुखपृष्ठ, आतली चित्रं, प्रस्तावना यांचंही असंच. साने गुरुजींचा मजकूर मोकळा असला तरी गेल्या वर्षीच्या आवृत्तीवरचं मुखपृष्ठ चित्रकाराचं किंवा प्रकाशकाचं.

झुंजारची नवी कथा मी लिहू शकतो का?

रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा वाचणाऱ्यांना सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न हाच, कारण या साहित्यात वाचक लेखकापेक्षा नायकाला ओळखतो. वाचनालयात जाऊन लोक 'काळापहाड आहे का?' असं विचारत.

कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्यांचं म्हणणं होतं की आपलं नाटक उचलून चित्रपट काढला. न्यायालयाने सांगितलं की विषय, कल्पना, कथेचा गाभा सर्वांचा असतो. संरक्षण मिळतं ते मांडणीला. म्हणून बंद खोलीतला खून, अतिहुशार गुप्तहेर आणि त्याचा भाबडा मित्र, ओसाड वाड्यातलं काहीतरी, दिवसा सभ्य आणि रात्री बुरखा चढवणारा नायक हे कोणीही वापरावं. तसं नसतं तर रहस्यकथा हा प्रकार पहिल्या दहा पुस्तकांतच आटोपला असता.

पण पात्र ठसठशीत झालं की गोष्ट बदलते. राजा पॉकेट बुक्सच्या 'नागराज' या कॉमिक नायकासमोर राधा पॉकेट बुक्सने 'नागेश' आणला. तोही हिरवा, तोही सापांच्या शक्तीचा. दिल्ली उच्च न्यायालयाने नागेशला अडवलं. केरळात टॉम्स या व्यंगचित्रकाराची बोबन आणि मोली ही पात्रं वृत्तपत्राची की त्याची, यावर वाद झाला. पात्रं तो नोकरीला लागण्याआधीच जन्मली होती, म्हणून १९८८ साली उच्च न्यायालयाने ती त्याची मानली. २०१६ साली चुलबुल पांडेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की पात्र खरोखर वेगळं, एकमेव असेल तर तत्त्वतः त्यालाही संरक्षण मिळू शकतं.

तेव्हा झुंजारची नवी कादंबरी लिहून विकायची तर अर्नाळकरांच्या वारसांची परवानगी घ्यावी. फुरसुंगीच्या बनेश ऊर्फ फास्टर फेण्याला नवं साहस करायला लावायचं तर भागवतांच्या. भयकथाकार नारायण धारप २००८ साली गेले, त्यांच्या कथांतले 'समर्थ' २०६८च्या अखेरपर्यंत तसेच. वहीत लिहा, मित्रांना वाचून दाखवा, कोणी येत नाही. छापून विकायला काढलं की प्रश्न येतो.

चिमणरावांचं मात्र आता काहीही करा. ते आजच्या पुण्यात सोसायटीच्या सभेला जाऊ शकतात, त्यांच्या हाती मोबाइल देता येईल. अट एवढीच की पात्र चिं. विं.च्या पुस्तकांतलं घ्या. दूरदर्शनवरच्या मालिकेने त्यात जे नवं घातलं ते मालिकेचं. प्रभावळकरांचा चेहरा मुखपृष्ठावर टाकायचा मोह होईल, तो आवरा.

पात्र थोडं मोकळं, थोडं बंद असंही होऊ शकतं. शेरलॉक होम्सचं अमेरिकेत तेच झालं. कॉनन डॉयल १९३०मध्ये गेला, पण तिथे प्रकाशनाचं वर्ष धरतात, त्यामुळे शेवटच्या काही कथा २०२३ची सुरुवात होईपर्यंत अडकून होत्या. वारसांच्या कंपनीचं म्हणणं होतं की त्या कथांत होम्स पूर्ण होतो, म्हणून आख्खा होम्स आमचा. २०१४ साली अपील न्यायालयाने ते फेटाळलं: जुन्या कथांतला होम्स सर्वांचा, शेवटच्या कथांत जे नवं आलं तेवढंच तुमचं. तरी २०२०मध्ये, होम्सच्या धाकट्या बहिणीवरचा चित्रपट आला तेव्हा, कंपनी पुन्हा न्यायालयात गेली. यातला होम्स भावनाशील आहे आणि ती माया शेवटच्या कथांतली, असा युक्तिवाद होता! प्रकरण निकालापर्यंत गेलं नाही. पण प्रेमळ वागण्यावर मालकी सांगणं हे डॉयललाही सुचलं नसतं.

मोकळ्या पुस्तकाबाबतही एक बंधन उरतंच. लेखकाचं नाव काढून आपलं घालता येत नाही. लेखकाची अब्रू जाईल अशी मोडतोड केली तर त्याचे वारस दाद मागू शकतात, आणि हा हक्क साठ वर्षांनी संपत नाही.

"पण जुनी मंडळी तर सर्रास रूपांतरं करायची"

करायची, खरं आहे. त्यातलं काही पूर्ण कायदेशीर होतं. १९१४च्या कायद्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाच्या अनुवादाचा हक्क मुळात दहाच वर्षं टिकायचा. बंगालीतून मराठीत आलेल्या कादंबऱ्यांचा पूर आठवा. काही मूळ लेखक तेव्हाच मोकळे झाले होते. उरलेल्यांबाबत मात्र एवढंच म्हणता येईल की लंडन-न्यूयॉर्कच्या प्रकाशकाला गिरगावात काय छापलं जातंय याचा पत्ता नव्हता. आज पत्ता लागतो. 'एका इंग्रजी कथेवर आधारित' अशी ओळ छापली की परवानगी लागत नाही, ही समजूत अजून आहे आणि ती चुकीची आहे. ती ओळ म्हणजे उलट कबुलीच.

अनुवादाला परवानगी मिळतच नसेल तर कायद्यात एक वाट आहे. पुस्तक निघून सात वर्षं झाली, त्या भाषेत अनुवाद झालेला नाही किंवा झालेला मिळत नाही, आणि हक्कदाराने नकार दिला किंवा तो सापडला नाही, तर रीतसर अर्ज करून सक्तीचा परवाना मागता येतो. मानधन अर्थातच द्यावं लागतं.

"पुस्तक बाजारातच नाही, मग पीडीएफ फिरवली तर काय बिघडलं?"

या आक्षेपात दम आहे. रहस्यकथांच्या कित्येक पॉकेट बुकांची पुनर्मुद्रणं झालीच नाहीत, कागद पिवळा पडून तुकडे होऊ लागले आहेत. स्कॅन करणारा बहुतेकदा प्रेमापोटीच करतो. तरी कायदा सरळ आहे: स्वतःच्या वाचनासाठी, अभ्यासासाठी, समीक्षेसाठी वापराला मुभा; सगळं पुस्तक शेकडो लोकांना वाटण्याला नाही. जुनं पुस्तक रद्दीतून घेणं, विकणं, उसनं देणं यात काहीच गैर नाही, कारण तिथे नवी प्रत तयार होत नाही.

मला कायद्याहून दुसरी गोष्ट खटकते. धारपांची किंवा अर्नाळकरांची थोड्या प्रतींची आवृत्ती काढू पाहणारा छोटा प्रकाशक आधी बघतो की याची पीडीएफ फिरतेय का. फिरत असेल तर तो मागे सरतो. म्हणजे पुस्तक बाजारात नाही म्हणून पीडीएफ, आणि पीडीएफ आहे म्हणून पुस्तक बाजारात नाही. ग्रंथालयांना मात्र सवलत आहे. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालय आपल्या वापरासाठी काढू शकतं. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती संगणकावरही साठवता येते. दुर्मीळ पॉकेट बुकं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती कपाटात ठेवण्यापेक्षा अशा ग्रंथालयाला द्यावीत.

मालकच सापडत नाही तेव्हा

साठ वर्षं जास्त आहेत असं मला वाटतं, पण मराठी लोकप्रिय साहित्याचं खरं दुखणं मुदतीत नाही. जमिनीला सातबारा असतो, पुस्तकाला नसतो. नोंदणी सक्तीची नसल्याने हक्क कोणाचा हे कुठल्याच कार्यालयात खात्रीने कळत नाही. लेखक गेले, त्यांची मुलं तीन शहरांत पांगली, प्रकाशनसंस्था बंद पडली, हस्तलिखित एकरकमी दिलं होतं की रॉयल्टीवर, हे सांगणारा कागद नाही.

कागद असेल तर आधी तो वाचावा. आजच्या कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. २०१२च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याचे हक्क आपोआप जात नाहीत. मात्र जुने करार त्या-त्या वेळच्या कायद्याने तपासावे लागतात, तेव्हा एवढ्या माहितीवर प्रकाशकाशी भांडायला जाऊ नका.

आणि कोणीच सापडलं नाही तर? त्याच २०१२च्या दुरुस्तीने एक दार उघडलं. लेखक मरण पावला आहे किंवा कोण ते माहीत नाही, हक्कदाराचा शोध लागत नाही, अशा पुस्तकाच्या प्रकाशनासाठी किंवा अनुवादासाठी परवाना मागता येतो. आधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात आपला प्रस्ताव जाहीर करायचा, अनुवाद असेल तर त्या भाषेतल्या दैनिकातही. मग अर्ज. मानधनाची रक्कम जमा करून ठेवायची, म्हणजे उद्या वारस उगवला तर त्याला ती मिळावी. पूर्वी हे काम कॉपीराइट मंडळाकडे होतं, मग अपील मंडळाकडे गेलं, २०२१ साली ते मंडळच बरखास्त झालं आणि अर्ज न्यायालयाकडे वळले. दोनशे रुपयांच्या रहस्यकथेसाठी इंग्रजी दैनिकातली जाहिरात आणि वकिलाची फी कोण भरणार? एखाद्या साहित्यसंस्थेने पन्नास-शंभर पुस्तकांची मोट बांधून एकत्र प्रयत्न केला तर खर्च परवडेल.

लिहित्या लेखकांना हे टाळता येतं. ऐच्छिक नोंदणीचं शुल्क एका पुस्तकाला पाचशे रुपये आहे. मृत्युपत्रात घर आणि दागिन्यांखाली एक ओळ पुस्तकांच्या हक्कांसाठी घालावी, आणि चार वारसांच्या नावावर सारखी वाटणी करण्याऐवजी परवानगी देण्याचं काम एकाकडे सोपवावं, त्याच्या पत्त्यासकट.